एका फौजी बीएसएसाठी इंग्लंडवारी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ह्या प्रवासवर्णनात लंडन आय नाही, बकिंगहॅम पॅलेस नाही आणि मादाम तुसाँकडचा सेल्फीही नाही. गंजलेलं लोखंड आहे, तेही भरपूर.

पुण्यात माझ्याकडे एक बीएसए एम२० मोटरसायकल आहे. ४९६ सीसी, एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क आणि मागे शॉकॲब्सॉर्बरच्या नावाने शंख. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बनली, युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये विकली गेली आणि पुढची सगळी वर्षं खडकी-देहूरोडच्या पट्ट्यात कुणाकुणाच्या हाताखालून गेली. माझ्याकडे आली तेव्हा इंजिन एका गाडीचं, फ्रेम दुसरीची, मागचं चाक बुलेटचं आणि टाकी कुणा पत्रेवाल्याने ठोकून बनवलेली. आमचे मिस्त्री, ज्यांना मी काका म्हणतो, त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "दादा, गाडी खरी आहे. फक्त तिच्यातलं खरं काय, ते शोधायला लागेल."

इंग्लंडच्या दक्षिणेला ब्यूली नावाचं गाव आहे. तिथे १९६७ पासून दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. तिकडे जायचंच आहे तर आधी गाडीचं माहेर बघून घ्यावं, असा बेत केला. काकांनी यादी दिली: मॅगडायनो, अमाल कार्ब्युरेटर, गर्डरचे बुश आणि स्पिंडल, हँडलच्या मुठी, आणि जमलं तर टाकी. बायकोनेही एक यादी दिली होती. तिच्याबद्दल इथे लिहीत नाही.

मंगळवार, बर्मिंगहॅम

आतेभाऊ सॉलिहलला डॉक्टर आहे. तो ड्यूटीवर गेला आणि मी मूर स्ट्रीट स्टेशनवरून लोकल धरून स्मॉल हीथला उतरलो. नीट टेकेपर्यंत स्टेशन आलंसुद्धा.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये शहरातल्या बंदूक बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी, म्हणून तिच्या खुणेत तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या. सायकली आणि मोटरसायकली नंतर आल्या. कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव अजून आर्मरी रोड आहे. कारखाना मात्र जवळजवळ सगळा पाडून झाला. आता तिथे गोदामं, गॅरेजं आणि शेजारून वाहणारा कालवा. एकेकाळी जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी इथे होती, हे सांगितल्याशिवाय कुणाला पटणार नाही.

१९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ह्या कारखान्यावर बाँब टाकले. इथे ली-एनफिल्ड रायफली आणि विमानांवरच्या ब्राउनिंग मशीनगन बनत होत्या, त्यामुळे निशाणा चुकून लागलेला नव्हता. रात्रपाळी चालू होती. वरचे मजले कोसळले आणि त्याखाली ५३ कामगार गेले. युद्धाच्या गोष्टींत आपण मोटरसायकल पाहतो ती वाळवंटात किंवा नॉर्मंडीच्या चिखलात. तिच्यासाठी माणसं मेली ती लेथपाशी उभी असतानाही, हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं. आर्मरी रोडवर बराच वेळ रेंगाळलो. फोटो फारसे काढले नाहीत. काढण्यासारखं काही नव्हतंच.

एम२० ची एक गोष्ट मला फार आवडते. ती लष्कराच्या पहिल्या परीक्षेत नापास झाली होती. १९३६ मध्ये चाचणीला दिलेल्या गाड्यांची इंजिनं जास्त झिजली म्हणून परत पाठवल्या. पुढच्या वर्षी सुधारून आणलेल्या गाड्या १०,००० मैल पळवून पाहिल्या आणि मग पसंत केल्या. वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, ताकद जेमतेम तेरा घोडे. निरोप पोचवणारे जवान, ज्यांना डिस्पॅच रायडर म्हणत, तिला जड आणि सुस्त म्हणून शिव्या घालत. पण कॉम्प्रेशन इतकं कमी, की हलकं पेट्रोलही तिला चालायचं, आणि साइड व्हॉल्व्हमुळे दुरुस्ती रस्त्याच्या कडेला बसून करता यायची. युद्ध संपेपर्यंत अशा सव्वा लाखाहून जास्त गाड्या बनल्या. शर्यतीत पळणारी गाडी हजारात बनते. लाखात बनते ती अशी सोशीक गाडी.

कॉव्हेंट्री रोडवर चहा घेतला. दुकानदार मीरपूरकडचा. कुठून आलात, कशासाठी, असं त्याने विचारलं. जुन्या मोटरसायकलचे भाग शोधायला पुण्याहून आलोय म्हटल्यावर क्षणभर थांबून त्याने काळजीने विचारलं, "घर में सब ख़ैरियत है ना?"

बुधवार, बिकनहिल आणि कॉव्हेंट्री

बर्मिंगहॅम विमानतळाच्या जवळ बिकनहिलला नॅशनल मोटरसायकल म्युझियम आहे. १९८४ मध्ये उघडलं. आत शिरताच अंगावर येतं ते क्रोम आणि लाल-काळा रंग, एकामागून एक दालनं, हजाराच्या घरात ब्रिटिश गाड्या. नॉर्टन, ट्रायम्फ, व्हिन्सेंट, ब्रफ सुपिरिअर. दोन तासांनी डोळे दमतात आणि सगळ्या टाक्या सारख्या दिसायला लागतात.

मी खाकी गाड्यांपाशी जाऊन बसलो. लोक तिथून पटापट पुढे जातात, त्यामुळे निवांत बघता येतं. युद्धकाळातल्या गाड्या वाचायच्या असतील तर मोठ्या भागांकडे बघू नये, बारीकसारीक गोष्टींकडे बघावं. १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपान्यांच्या हाती गेला आणि रबर मिळेनासं झालं. मग हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या झाल्या आणि पाय ठेवायच्या दांड्यांवरचं रबर जाऊन नुसतं लोखंड उरलं. वाळवंटासाठी टाकीवर मोठा डबा बसवून हवेची गाळणी तिथे नेली. हेडलाइटवर झाकण आलं, कारण अंधारात चालवायचं पण दिसायचं नाही. तेव्हा एकाच मॉडेलच्या दोन गाड्या वर्षभराच्या अंतराने बनल्या असतील तरी सारख्या नसतात. "मूळ रूपात" आणायची म्हणजे कुठल्या महिन्याच्या रूपात, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

ह्या म्युझियमला तो प्रश्न फार कडवटपणे पडला होता. १६ सप्टेंबर २००३ ला इथे आग लागली. निमित्त सिगरेटचं थोटूक. पावणेचारशेच्या वर गाड्या होरपळल्या. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात म्युझियम पुन्हा उघडलं, आणि जळक्या सांगाड्यांमधून एकेक गाडी परत उभी करण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. आज समोर झळझळीत उभ्या असलेल्या गाड्यांत कुठली आगीतून आलेली आणि कुठली नाही, हे मला ओळखता आलं नाही. ओळखू न येणं हे कारागिराचं यश, पण मला आपलं वाटत राहिलं की एखादी तरी तशीच काळवंडलेली ठेवायला हवी होती.

दुपारी कॉव्हेंट्रीला गेलो, गाडीने वीस मिनिटांवर. १४ नोव्हेंबर १९४० च्या हल्ल्यात शहराचा मधला भाग उद्ध्वस्त झाला, तसाच ट्रायम्फचा प्रायरी स्ट्रीटवरचा कारखानाही. वाचलेली यंत्रं उचलून वॉरिकला नेली, तिथे काम सुरू केलं आणि १९४२ मध्ये मेरिडेनला नवा कारखाना उभा केला. छत नसलेल्या कॅथीड्रलमध्ये थोडा वेळ बसलो. पाऊस आला, उठलो.

गुरुवार, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन

ब्रिस्टलला गाडी बदलून दुपारी पोचलो. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, नदी, नदीवर जुना पूल आणि पुलावरच बांधलेली एका-दोघांपुरती कोठडी. पुणेकराला इथे येण्याचं कारण मात्र गावाबाहेर, वेस्टवुडला, जमिनीखाली आहे.

आपल्याकडे बुलेट म्हटलं की लोक अभिमानाने मद्रासचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. १९५५ पासून ती तिकडे बनते. पण रॉयल एनफिल्ड मूळची बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडल्या रेडिचची. युद्धात बाँबच्या भीतीने तिने कामाचा एक भाग वेस्टवुडच्या दगडाच्या खाणीत, जमिनीखाली हलवला. तिथे विमानवेधी तोफांचा नेम धरून देणारी अतिशय बारीक जुळणीची यंत्रं बनत. आणि शेजारच्या बोगद्यांत काय होतं? ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा ठेवा. एका भिंतीपलीकडे जगभरातून आणलेल्या मूर्ती आणि चित्रं पेटाऱ्यांत झोपलेली, अलीकडे लेथ चालू. युद्धानंतर पुढे इथे मोटरसायकली बनल्या आणि १९७० मध्ये हेही दुकान बंद झालं. आज आत जाता येत नाही. बाहेरून बघितलं, हात लावला, निघालो.

रॉयल एनफिल्डच्या युद्धातल्या गाड्यांत मला मोह पडतो तो फ्लाइंग फ्लीचा, उडत्या पिसवेचा. १२५ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर तेही टाकीजवळच्या हाताच्या दांडीने, वजन साधारण साठ किलो. तिची कुळकथा मजेशीर आहे. मूळ डिझाइन जर्मन डीकेडब्ल्यूचं. हॉलंडमधल्या एका विक्रेत्या कंपनीचे मालक ज्यू असल्यामुळे जर्मनांनी डीकेडब्ल्यूची एजन्सी त्यांच्याकडून काढून घेतली. त्या कंपनीने सरळ रेडिचला जाऊन विचारलं, अशीच गाडी तुम्ही करून देता का? रॉयल एनफिल्डने केली. मग युद्ध आलं आणि तीच गाडी लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून, पॅराशूट लावून विमानातून खाली सोडायला लागले, ग्लायडरमधूनही गेली. १९४४ च्या सप्टेंबरात आर्नहेमला ती होती. जर्मन गाडीची नक्कल, हॉलंडच्या आग्रहाने बनलेली, हॉलंडमध्येच जर्मनांविरुद्ध उतरली.

रात्री काकांना फोन केला. ते म्हणाले, "बुलेटचं जाऊ दे दादा, मॅगडायनोचं काय?" फोन ठेवला.

शुक्रवार, न्यू मिल्टन

ब्रॅडफर्डहून सॉल्सबरीमार्गे साउथॅम्प्टन, तिथून न्यू मिल्टन. इथे सॅमी मिलरचं म्युझियम आहे. सॅमी मिलर म्हणजे बेलफास्टचा, ट्रायल्स शर्यतींचा बादशहा. सलग अकरा वर्षं ब्रिटिश विजेता. गाड्या स्वतः खोलून, जोडून उभ्या करण्याची त्याची ख्याती आहे, आणि ते इथे दिसतं. बिकनहिलला गाड्या पाहायच्या, इथे काम पाहायचं. स्पोक कसे बसवलेत, केबल कुठून वळवली, पितळी पाइपाचं टोक कसं फुलवलंय, हे वाकून वाकून बघत होतो. एक आजोबाही माझ्याच बरोबर वाकले होते. मग दोघांनी वाकलेल्या अवस्थेतच, ब्रिटिश नटबोल्टचे आटे आणि मेट्रिक पाने ह्यांच्या भांडणावर अर्धा तास चर्चा केली. आमच्या गाडीवर ते भांडण कित्येकदा झालंय: सायकल थ्रेडच्या जागी मेट्रिक बोल्ट दणकून घुसवायचा, आटे गेले की पुढच्या मापाचं भोक पाडायचं. क्रँककेसवर अशी तीन मापं एकावर एक सापडली होती.

संध्याकाळी ब्रॉकनहर्स्टला मुक्काम. न्यू फॉरेस्टची तट्टं रस्त्याच्या मधोमध उभी राहतात आणि कुणी हॉर्न वाजवत नाही. पुण्यात गाई बसतात तसंच, पण इथल्या तट्टांचा टुरिस्ट लोक फोटो काढतात.

शनिवार, ब्यूली

आतेभाऊ सॉलिहलहून गाडी घेऊन आला होता, कारण सामान कुणीतरी वाहायला हवं. फाटकातून आत शिरलो आणि दोघेही गप्प झालो. उतरत्या गवतावर दोन हजारांच्या आसपास स्टॉल. पुण्याचा जुना बाजार घ्या, त्यातून कपडे, भांडी आणि मोबाइलची कव्हरं काढून टाका, उरलेलं शंभरपट करा. ताडपत्रीवर पसरलेले गिअर, डब्यांत भरलेले व्हॉल्व्ह, दोरीला टांगलेले सायलेन्सर. आणि प्रत्येक स्टॉलमागे खुर्चीत एक माणूस थर्मास घेऊन बसलेला, ज्याला विकायची मुळीच घाई नाही.

लष्करी मोटरसायकलींचे भाग विकणारे वेगळे ओळखू येतात. त्यांच्याकडे चमकणारं काहीच नसतं. पहिल्याच स्टॉलवर कॅनव्हासच्या मुठी मिळाल्या. जुन्या, वापरलेल्या. कॅनव्हासच्या चकत्या दाबून बसवलेल्या, कडा काळ्या तेलकट, आणि उजव्या मुठीवर, जिथे अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी येते, तिथे खोलगट झिजलेलं. डावी तितकी झिजलेली नाही. उजवा हात ॲक्सिलेटरवर, तो सोडता येत नाही. डावा अधूनमधून मोकळा. कुणाचा तरी हात त्यावर फार दिवस होता. नव्या बनवलेल्या मुठीही शेजारी होत्या, स्वच्छ आणि स्वस्त. मी जुन्या घेतल्या. भाव केला नाही, ह्याचं आतेभावाला वाईट वाटलं.

अमाल कार्ब्युरेटर लगेच मिळाला. मॅगडायनोसाठी दुपार गेली. हे लुकसचं जोडयंत्र: खाली मॅग्नेटो, जो ठिणगी देतो, वर पट्ट्याने बांधलेला डायनामो, जो बॅटरी भरतो. मॅग्नेटोच्या आतलं वेटोळं, म्हणजे आर्मेचर, जुनं झालं की त्यावरचं लाखेचं वेष्टण मऊ पडतं, आणि गंमत म्हणजे गाडी थंड असताना झकास चालू होते, वीस मिनिटांनी गरम झाली की बंद. त्यामुळे विकणारा हाताने फिरवून बोटाला झटका देऊन दाखवतो तेव्हा त्या झटक्याला काही अर्थ नसतो. मी तीन ठिकाणी झटके खाल्ले आणि शेवटी ज्याने "आतलं गेलेलं आहे, भरून घ्यावं लागेल" असं आधीच सांगितलं, त्याच्याकडून घेतला.

मग रंग. एका टेबलावर रंगाचे डबे आणि पत्र्याच्या नमुन्याच्या पट्ट्या होत्या. लष्करी गाडी म्हणजे हिरवी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. युद्धाच्या सुरुवातीला खाकी हिरवा होता खरा. पण हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली, तेव्हा १९४२ च्या सुमारास लष्कराने तपकिरी रंग घेतला, ज्याला एससीसी २ म्हणतात. १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब, एससीसी १५. म्हणजे १९४३ ची गाडी शास्त्राप्रमाणे चॉकलेटी हवी, आणि ती तशी रंगवली तर बघणारे दहापैकी नऊजण म्हणणार, रंग चुकला. निघण्याआधी काकांनी आमच्या गाडीच्या हेडलाइटच्या ब्रॅकेटखाली, जिथे कुणाचा ब्रश पोचत नाही, ओल्या पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली होती. वर काळा, त्याखाली चंदेरी, मग निळा, मग हिरवा आणि तळाला तपकिरी. त्याचा फोटो मी स्टॉलवाल्याला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं आणि न विचारता एससीसी २ ची पट्टी माझ्या हातात ठेवली. तोवर सगळं छान चाललं होतं. मग त्याने विचारलं, गाडी कुठली? म्हटलं, इंडिया. त्याचा चेहरा पडला.

"इंडियन एम२०," तो शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, आणि शेजाऱ्याने सहानुभूतीने मान हलवली.

ह्यामागे कारण आहे. गेल्या काही दशकांत भारतातून बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या इंग्लंडला परत गेल्या. वरून चकाचक, आतून पाच गाड्यांचं कडबोळं, नंबर नव्याने ठोकलेले. घेणारे फसले आणि "इंडियन" हा शब्द शिवीसारखा झाला. नंबर ठोकून फसवणं ही लबाडीच, त्याचं समर्थन नाही. पण लेथवर घरीच काढलेला पितळी बुश, पत्र्याची हाताने ठोकलेली टाकी, बुलेटचं चाक, ह्यांना लबाडी म्हणणं मला मान्य नाही. ज्या देशात कंपनीचा एकही भाग मिळत नव्हता तिथे ह्या गाड्या पन्नास-साठ वर्षं रस्त्यावर होत्या. इंग्लंडमधल्या बऱ्याचशा तेव्हा शेडमध्ये बंद होत्या. हे मी त्याला माझ्या इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला चहा दिला. मत बदललं असं वाटलं नाही.

रविवार, ब्यूली

सकाळी पहिल्यांदा टाकी दिसली. एम२० ची खरी टाकी, डाव्या बाजूला पोचा, आत गंज पण तळ शाबूत. विकणाऱ्या बाईंनी वरचे थर संयमाने काढत आणले होते आणि तिथे पांढरट अक्षरांत लष्करी नोंदणी क्रमांक उमटला होता: आधी सी, मग सात आकडे. त्यातले शेवटचे दोन गेलेले. असे क्रमांक ब्रशने हाताने रंगवत, त्यामुळे चारचा आकडा दोनदा आला होता तर दोन्ही चार वेगळे. आतेभावाने पहिल्यांदाच खाली बसून नीट पाहिलं.

घेतली. पण लगेच पेच पडला. हा क्रमांक माझ्या गाडीचा नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा आहे. टाकी घासून नव्याने रंगवायची, की तसाच ठेवायचा?

उत्तर दुपारी मिळालं, मोटरसायकलींच्या रांगेत. तिथे एक एम२० उभी होती आणि शेजारी तिचे मालक, नव्वदीला टेकलेले, टाय लावून. ते १९५० च्या दशकात सक्तीच्या लष्करी सेवेत फिटर होते, आणि तेव्हाही लष्करात एम२० चालूच होत्या. मी त्यांना विचारलं, तुमच्या गाडीचे इंजिन आणि फ्रेम नंबर मूळचे आहेत का? ते हसायलाच लागले. म्हणाले, वर्कशॉपला गाड्या आल्या की आम्ही सगळ्या खोलायचो. फ्रेम एका ढिगात, इंजिनं दुसऱ्या, चाकं तिसऱ्या. तपासून, दुरुस्त करून, हाताला येईल ते जोडत जायचो. कुठलं इंजिन कुठल्या फ्रेमचं, हे कुणी बघायचं नाही. बाहेर पडली की रंगाचा एक हात आणि नवा क्रमांक.

मला खडकी आठवली. तिथेही लष्कराचं बेस वर्कशॉप आहे. इंजिन आणि फ्रेमची जी फारकत आम्ही इतके दिवस कुणा भंगारवाल्याच्या नावावर घालत होतो, ती कदाचित गणवेशातल्याच माणसाने, सरकारी वेळेत, नियमाप्रमाणे केली असेल. सुटे भाग अदलाबदल करता यावेत म्हणूनच तर ही गाडी लाखांनी एकसारखी बनवली. जुळणाऱ्या नंबरांचं सोवळं आपण लोकांनी नंतर आणलं. शर्यतीच्या गाडीला ते शोभतं. फौजी गाडीला नाही.

आजोबांनी गाडी चालू करून दाखवली. पेट्रोलचा कॉक उघडला, कार्ब्युरेटरवरचं बटण दाबून बोटाला थेंब लागेपर्यंत भरू दिलं. डाव्या हाताच्या दांडीने इग्निशन मागे घेतलं, नाहीतर किक उलटून पाय मोडते. मग किक हळूच दाबत पिस्टन कॉम्प्रेशनवर आणला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणारी लहान दांडी ओढून तो जरासा पुढे सरकवला, दांडी सोडली, किक वर आणली. आणि मग नव्वदीच्या माणसाने, टाय सावरत, आपलं सगळं वजन एका पायावर टाकून एकच लांब, सावकाश किक मारली. धप्. धप्. धप्. इतक्या संथ चालीवर, की दोन ठोक्यांमध्ये बंद पडली असं वाटावं. त्यांनी मला बसायला लावलं. सीटखालच्या स्प्रिंगा करकरल्या. गिअर उजव्या पायाला. शेताच्या कडेने शंभर-दीडशे फूट जाऊन आलो. मागे सस्पेन्शन नसतं म्हणजे काय, हे मणक्यांना लगेच कळलं.

निघताना ब्यूलीतलं छोटं सीक्रेट आर्मी प्रदर्शन पाहिलं. युद्धात ह्या इस्टेटीतल्या घरांमध्ये एसओई ह्या गुप्त संघटनेच्या हेरांचं शेवटच्या टप्प्याचं शिक्षण होत असे. नूर इनायत खान ही हेरही इथेच शिकली. ह्याच संघटनेच्या वेल्विनजवळच्या केंद्रात वेलबाइक नावाची ९८ सीसीची चिमुकली मोटरसायकल बनली, जी घडी घालून पॅराशूटच्या नळकांड्यात बसायची. तशी एक सकाळी बाजारात विकायला होती. किंमत ऐकून आतेभाऊ म्हणाला, "एवढ्यात माझ्या मुलाचं कॉलेज होईल." चुकीचं नव्हतं.

सोमवार, सॉलिहल आणि हीथ्रो

सामानाची वाटणी. कार्ब्युरेटर, मुठी, बुश, रंगाची पट्टी माझ्या बॅगेत. स्पिंडल मिळाले नाहीत. एका स्टॉलवाल्याने माप लिहून घेतलंय, बनवून पोस्टाने पाठवणार. पण काका म्हणतात स्पिंडल इथेच लेथवर काढू, चांगल्या स्टीलचे, आणि मला तेच बरं वाटतंय. बुलेटचं चाकही राहणार. गाडी तपकिरी होणार. टाकीवरच्या क्रमांकाला हात लावायचा नाही, आणि गेलेले दोन आकडे आपल्या मनाने भरायचेही नाहीत.

टाकी मात्र विमानात येणार नाही. ज्या टाकीत कधीकाळी पेट्रोल होतं ती नीट धुऊन, वाफ घालवून, तसा कागद असल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि तो कागद देणारं सॉलिहलमध्ये कुणी सापडलं नाही. आतेभावाच्या ओळखीचं एक कुटुंब डिसेंबरात कायमचं नाशिकला परत येतंय, त्यांच्या कंटेनरमधून समुद्रमार्गे आणायचं ठरलंय. तोवर ती वहिनींच्या कपडे धुण्याच्या खोलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. वास येतो, असा वहिनींचा मेसेज मी विमानतळावर असतानाच आला. मॅगडायनो हँडबॅगेत होता. सुरक्षा तपासणीच्या माणसाने तो क्ष-किरणाखाली दोनदा फिरवला, बाहेर काढून उलटासुलटा बघितला आणि हे काय आहे असं विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, त्याच्या वडिलांकडे नॉर्टन १६एच होती. मागची रांग खोळंबली. आम्ही आर्मेचर भरून घेण्याबद्दल बोललो.